चालीची साक्ष

जैतून मुजावरच्या चपलेची डावी टाच बाहेरच्या कडेने तीन मिलिमीटर झिजलेली होती. उजवी जेमतेम एक. मालाने ती पट्टीने मोजली नव्हती. बावीस वर्षे तळवे शिवल्यावर डोळाच पट्टी होतो. डाव्या खांद्यावर रोज पार्सलांची पिशवी वाहणाऱ्या बाईची टाच अशीच झिजणार. अंगठ्याचा पट्टा गेल्या दिवाळीत बदललेला होता आणि त्याचे चामडे अजून बाकीच्या चपलेपेक्षा कोवळे दिसत होते. जोडी स्वच्छ पुसून मालाच्या उंबऱ्याबाहेर नीट जुळवून ठेवलेली होती. जैतून मात्र अंगणात नव्हती, गल्लीतही नव्हती.

चप्पल कुणी परत करत नाही. सैल झाली तर आवळून घेतात, तुटली तर शिवून घेतात, फारच झाले तर टाकून देतात. नऊ वर्षांपूर्वी मालाने जैतूनला आपल्या हाताने करून दिलेली ही पहिली जोडी. जैतूनभाबी ती घालून रोज सकाळी साडेदहाला गल्लीत वळायची, करकर करकर वाजत, आणि माला हातातली आरी खाली ठेवून पार्सले बाहेर आणायची. घड्याळाकडे बघायची गरज पडत नसे.

मालाने चप्पल उचलून आत नेली आणि काम सुरू करण्याआधी फोन उघडून पाहिला. दाव्याच्या पानावर तोच लाल चौकोन होता. ‘आपला प्रतिसाद प्रलंबित आहे. मुदत: शुक्रवार, दुपारी बारा.’ आज सोमवार होता.

विजयमाला सातपुते हे तिचे पूर्ण नाव, पण चिखलवडमध्ये सगळे तिला मालाच म्हणत. लग्नाआधी ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती, भौतिकशास्त्र तिला आवडायचे. लग्नानंतर सासऱ्यांच्या हाताखाली चामडे कापायला शिकली, आणि पुढे ऑनलाइन दुकान काढून कोल्हापुरी चपला लातूरपासून नागपूरपर्यंत पाठवू लागली. दुकान तिच्या नावावर होते. गेल्या चार महिन्यांत त्या दुकानाच्या चौदा जोड्या वाटेत हरवल्या होत्या. लातूरचा एक नवरदेव तर बूट घालून बोहल्यावर चढला आणि त्याच्या बहिणीने दुकानाखाली एक तारा देऊन त्याचा फोटोही टाकला.

पूर्वी पार्सल हरवले की ते हरवले, एवढेच कळत असे. कंपपट्टी आल्यापासून हरवण्यालाही तपशील आला. कंपपट्टी म्हणजे पार्सलवरचे पत्त्याचे लेबलच. फक्त त्याच्या कागदाच्या पोटात केसाहून पातळ असा एक थर असतो. तो वाकला, दबला, हादरला की स्वतःच किंचित वीज तयार करतो. त्या विजेचा चढउतार हीच नोंद, आणि नोंद ठेवायला लागणारी शक्तीही त्याच हादऱ्यातून मिळते; बॅटरी लागत नाही. गाडीचे इंजिन, सरकता पट्टा, खड्ड्यांचा रस्ता, प्रत्येकाचा हादरा वेगळा असतो. माणसाच्या चालीचा तर सर्वांत वेगळा. टाच किती जोराने टेकते, दोन पावलांत किती वेळ जातो, कंबर कुठे झुकते, यांचा मिळून एक ठसा होतो आणि तो दोन माणसांत सहसा जुळत नाही.

त्यात आणखी एक सोय होती. एका पिशवीतली लेबले दर मिनिटाला आपापली नोंद एकमेकांना देऊन ठेवत. त्यामुळे पार्सल नाहीसे झाले तरी त्याची शेवटची काही मिनिटे शेजारच्या पार्सलांकडे शिल्लक राहत. दख्खन पार्सल मंडळाने या सोयीला नाव दिले होते शेजार-साक्ष. मंडळाच्या प्रत्येक वाहकाला केंद्रात बोलावून, हातात पार्सल देऊन, शंभर पावले चालवून त्याच्या चालीचा ठसा घेतलेला होता. पार्सल हरवले की यंत्र शेजाऱ्यांची साक्ष काढी, ठसा जुळवी आणि शेवटचा वाहक कोण ते सांगे.

एक गोष्ट मात्र कायद्याने यंत्राकडून काढून घेतली होती. यंत्राला माणसावर आरोप करता येत नसे. ते नाव दाखवी आणि पाठवणाऱ्याला विचारी, मान्य आहे का? पाठवणाऱ्याने मान्य म्हटले की जबाबदारी निश्चित होई आणि भरपाई सुटे. कायदा करणाऱ्यांना वाटले होते की त्यामुळे माणसाचा शब्द शेवटचा राहील. राहिलाही. पण तो मालाच्या तोंडून यायचा होता.

चौदाही दाव्यांवर एकच ओळ होती. ‘शेवटचा वाहक: जैतून मुजावर. जुळणी ९८ टक्के.’ खाली तीन बटणे होती, मान्य, अमान्य आणि नंतर. मालाने आतापर्यंत अकरा वेळा ‘नंतर’ दाबले होते.

अमान्य दाबून पाहिले नव्हते असे नाही. ते दाबले की मंडळाचा बोलका सहायक समोर यायचा. त्याचे नाव ‘दाद’. आवाज मऊ, मराठी शुद्ध, आणि समजूत अजिबात नाही. आपली गैरसोय आम्ही समजू शकतो, असे म्हणून तो अमान्यतेचे कारण विचारी आणि सहा कारणे पुढे ठेवी. लेबल फाटले होते, पत्ता चुकला होता, पार्सल नंतर मिळाले, अशी ती कारणे होती. वाहक मुळात चोर नाही, हे कारण यादीत नव्हते. मालाने ते तोंडी सांगून पाहिले. दाद म्हणाला, आपण ‘लेबल फाटले होते’ हे कारण निवडले आहे, बरोबर? नाही म्हटल्यावर त्याने पुन्हा गैरसोय समजून घेतली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. चौदा दाव्यांसाठी चौदा वेळा चपलेचे फोटो मागितले. हरवलेल्या चपलेचा आजचा फोटो जोडा, असेही एकदा म्हणाला.

त्या सोमवारी जेवताना राजारामने विषय काढला. मालाचा नवरा राजाराम कातडे आणणे, रापवणे, कापणे बघत असे. फोनच्या भानगडीत पडत नसे. पण दुकानाच्या नावापुढची हिरवी खूण पिवळी झालेली त्यालाही दिसत होती. शुक्रवारपर्यंत उत्तर दिले नाही तर चौदाही दावे बुडणार होते आणि दुकानावर ‘अविश्वसनीय दावेदार’ असा शिक्का बसणार होता. मग ऑनलाइन बाजार दुकान बंदच करी. बंद झालेले दुकान पुन्हा उघडल्याचे दोघांच्याही ऐकण्यात नव्हते.

तो म्हणाला, “जैतूनभाबीनं नेलं असं मी म्हणत न्हाई. यंत्र म्हणतंय. आपण फकस्त हो म्हणायचं.”

“यंत्राला म्हणायचं असतं तर त्यानंच म्हटलं असतं. आपल्याला कशाला विचारतंय?”

“मग न्हाई तरी म्हण. एक कायतरी म्हण, माला.”

मालाने ताट बाजूला सरकवले. तिला राग राजारामचा आला नव्हता. त्याने बरोबर नको तिथे बोट ठेवले होते. चार महिन्यांत तिने जैतूनला एक शब्द विचारला नव्हता. ९८ टक्के हा आकडा तिने अभ्यासाच्या सवयीने वाचला होता, आणि ज्याला आकडे वाचता येतात त्याला ते सहज झटकताही येत नाहीत. मैत्रीण की मोजमाप, यांतले एक निवडायचे म्हणून तिने दोन्ही लांबणीवर टाकले होते.

मंगळवारी सकाळी ती चप्पल पिशवीत घालून जैतूनच्या घरी गेली. जैतून ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिची मंडळाची पिशवी खुंटीला टांगलेली होती आणि तिच्या कुलपावर लाल दिवा होता. पार्सलांसाठी ते कुलूप आता उघडत नसे. चौकशी होईपर्यंत फक्त पत्रे.

“बस. च्या करणार न्हाई, आदीच सांगते,” जैतून म्हणाली. “चोराच्या घरचा च्या तुला चालंल का?”

मालाने चप्पल बाहेर काढून तिच्या पुढे ठेवली. जैतूनने तिच्याकडे पाहिले नाही.

“अकरा वेळा ‘नंतर’. मला आकडा ठावं हाय. माज्या फोनात रोज येतंय, पाठवणाऱ्याचा विचार चालू आहे. माजा इचार कराया तुला चार म्हयने लागले व्हय गं?”

“मी तुमचं नाव घेतलं नाही, भाबी. म्हणूनच नंतर दाबत होते.”

“घ्यायचं हुतं. खरं वाटलं तर मान्य म्हणायचं, खोटं वाटलं तर अमान्य. नंतर म्हंजे काय? नंतर म्हंजे असंल बी.”

जैतून मग शेंगांकडे बघतच बोलत राहिली. सगळ्या वाहकांनी आता चाली बदलल्या होत्या. पलीकडच्या वाडीतला पोवार पायात खडा घालून चालायचा, कुणी मुद्दाम लंगडत होते, कुणी मुलाच्या बुटात कापूस कोंबून फिरत होते. ठसा न जुळला म्हणून त्यांच्यावर वेगळ्या नोटिसा निघत होत्या. मी म्हटले, चपलेने चाल कळते ना, मग चप्पलच नको. पहिल्यांदा केंद्रात शंभर पावले चालवले तेव्हा हीच जोडी घालून गेले होते, तिने सांगितले. तेव्हा नवीकोरी होती, आणि इतकी वाजत होती की साहेबांनी खुर्चीतून वळून पाहिले. तेवढे सांगताना ती जराशी हसली, मग आठवण झाल्यासारखी थांबली.

माला उठताना जैतून म्हणाली, “आणि एक सांग. ऐन संक्रांतीत मी निपाणीला हुते, लेकीच्या बाळंतपणाला. धा दिस. त्यातलं बी पार्सल मीच नेलं म्हणत्यात. तितनं हात लांब केला व्हय मी?”

माला घरी आली आणि तिने दाव्यांच्या लांबलचक क्रमांकांवरून एकेक तारीख शोधून काढली. दाव्याच्या पानावर तारीख नसे, ती पावतीवर असे. चौदापैकी दोन जोड्या त्या दहा दिवसांत गेल्या होत्या आणि त्या दोन्ही राजारामने स्वतः मोटारसायकलवर तालुक्याच्या केंद्रात नेऊन दिल्या होत्या. जैतूनचा हात त्यांना लागलेलाच नव्हता. तरी जुळणी ९८ टक्के.

मंडळाच्या कार्यालयात एक जिवंत माणूस होते, हेर्लेकर मॅडम. त्यांच्यापर्यंत पोचायला दादशी चाळीस मिनिटे बोलावे लागले. मालाने तारखा सांगितल्या. हेर्लेकर मॅडमनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की रजेची नोंद माणूस करतो, ती चुकू शकते. चालीची नोंद चुकत नाही. वाहक रजेवर असताना केंद्रात येऊन गेली नसेल कशावरून? त्या बाई निर्दय नव्हत्या. फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी हलक्या आवाजात सुचवलेही की मान्य म्हणा आणि मोकळ्या व्हा, सगळे तेच करतात.

दुपारी माला ओटीवर येऊन बसली. तिथे तिचे सासरे, बाळकूमामा, भिजवलेला तळवा मांडीवर घेऊन ठोकत होते. वय एक्याऐंशी, नजर अधू, पण हात आणि कान शाबूत. गल्लीतून कोण गेले ते मान वर न करता सांगायचे. मालाला पुन्हा पुन्हा दाव्याचे पान उघडून बघायची सवय लागली होती. त्यावरच्या कंपनांच्या आलेखाखाली ‘ऐका’ असे एक बटण होते. कंपनांची नोंद आवाजात बदलून ऐकवणारे ते बटण तिने कधी वापरले नव्हते; डोळ्यांना आलेख दिसत असताना कानांची गरज तिला वाटली नव्हती. आज वैतागून दाबले.

घरघर आली, आणि त्यातून करकर, करकर, करकर.

मामांचा हात थांबला. “परत लाव.”

तिने लावले. त्यांनी तीनदा ऐकले, मान किंचित कलती करून.

“ह्यो आपला इंचू हाय,” ते म्हणाले. “पर ह्यात माणूस न्हाई.”

“म्हणजे काय, मामा?”

“माणसाला दोन पाय असत्यात. एक जास्ती झिजतो, एक कमी. जैतूनची डावी दबून वाजती, उजवी मोकळी. करर-कर, करर-कर. ह्यात दोन्ही एकदम वाजत्यात, एका तालात. अशी चप्पल पायात वाजत न्हाई. पेटीत वाजती.”

माला आलेखाकडे बघत राहिली. सगळे दात सारखे होते, एकेक दात दुसऱ्याची नक्कल. चार महिने ती हेच बघत होती.

सातपुत्यांच्या चपलेच्या तळव्यात, दोन थरांच्या मध्ये, विंचवाच्या झाडाचे वाळलेले बी बसवलेले असे. बोलताना त्या बीलाच विंचू म्हणत. पाऊल पडले, तळवा वाकला की थर त्या बीवर घासतात आणि चप्पल करकरते. किती बिया, कुठे, किती घट्ट, हे त्या घराचे ज्ञान होते. दुसऱ्या घरची चप्पल वेगळी वाजे. गिऱ्हाईक त्या आवाजासाठीच जोडी मागवत होते. आणि जैतूनने शंभर पावले टाकली ती हीच चप्पल घालून. यंत्राने तिच्या चालीतून सर्वांत ठळक गोष्ट टिपून ठेवली, ती होती सातपुत्यांची करकर. टाच, कंबर, पावलातले अंतर, हे सगळे त्या आवाजाच्या पाठीमागे फिके पडले. त्यानंतर सातपुत्यांची कोणतीही नवी जोडी खोक्यात हादरून करकरली की यंत्राला वाटे, जैतून चालली.

पण वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. बुधवारी मालाने दोन सारखी खोकी घेतली. एकात विंचू घातलेली जोडी, दुसऱ्यात त्याच मापाची, विंचू न घातलेली. दोन्हींवर नवी लेबले डकवली आणि ती गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीत गेली. गिरणीची चाळण सेकंदाला साधारण दोनदा हलते. चालणारे माणूसही सेकंदाला दोनच पावले टाकते. गिरणीवाल्याला काय चालले आहे ते कळले नाही, पण त्याने चाळणीच्या चौकटीवर खोके ठेवू दिले आणि पाच मिनिटे ज्वारी टाकत राहिला.

मालाने फोन लेबलाजवळ धरला. ‘सध्याचा वाहक: जैतून मुजावर. जुळणी ९७ टक्के.’

दुसरे खोके ठेवले. ‘वाहक आढळला नाही.’

मग तिने लेबलांची अदलाबदल करून सगळे पुन्हा केले, तेव्हाही तेच. पिठाने पांढऱ्या झालेल्या त्या गिरणीत जैतूनभाबी पाच मिनिटे जागच्या जागी चालत होती, मंडळाच्या हिशेबाने. मालाला हसू आले आणि गिरणीवालाही, कारण न कळता, हसला. घरी येईपर्यंत ते हसू संपले होते.

कारण आता हरवण्याचाही उलगडा होत होता. हेर्लेकर मॅडमना तिने पुन्हा फोन लावला, या वेळी पन्नास मिनिटांनी. प्रयोग सांगितला. त्यांनी दोन्ही खोक्यांचे आकडे तिला पुन्हा वाचायला लावले. मग त्यांनी सांगितले की चार महिन्यांपूर्वी बसवलेल्या वर्गवारीच्या नव्या सरकत्या पट्ट्यावर पार्सल असताना चालीचा ठसा आला, तर यंत्र समजते की कुणीतरी ते उचलून नेत आहे. ते पार्सल यादीतून कमी होते आणि पट्ट्यावरचा यांत्रिक हात त्याला बाजूला ढकलतो.

“बाजूला म्हणजे कुठं?”

“जाळीचा एक पिंजरा आहे. त्यात काय आहे ते मला विचारू नका. यादीप्रमाणे तो रिकामा आहे.”

पिंजरा उघडायचा तर आत काहीतरी असल्याची नोंद लागते, आणि यंत्राच्या मते आत काही नव्हते. हेर्लेकर मॅडम हे सांगताना स्वतःच थकलेल्या वाटल्या. मग त्यांनी नियमाचे कलम वाचून दाखवले. जो माल स्वतः आवाज किंवा कंप निर्माण करतो, त्याची पाठवणाऱ्याने आधी घोषणा करावी. न केल्यास आधीचे सर्व दावे रद्द. घोषित माल पट्ट्यावर घेतला जात नाही, निःशब्द असल्याचा दाखला मिळेपर्यंत. तुम्ही हे बोललात तर वाहकाच्या नावावरचे बालंट त्याच दिवशी निघेल, त्या म्हणाल्या. पण चूक तुमच्याकडे येईल. आणि फोनवर मी हे ऐकलेच नाही असे धरते. शुक्रवारी दादपुढे जे बोलाल तेच खरे.

गुरुवारी राजारामने सगळे ऐकून घेतले. तो वाईट माणूस नव्हता आणि त्याने सुचवलेला मार्ग मूर्खपणाचाही नव्हता. पुढच्या जोड्यांतून विंचू गुपचूप काढून टाकू, म्हणजे कुठलीच जोडी हरवणार नाही. झालेल्या चौदांना मान्य म्हण. दुकान राहील. जैतूनभाबीला मंडळ काढील, पण तिचा मुलगा कमावता आहे, आपण तिला कधी कमी पडू देणार नाही. एवढे बोलून तो थांबला, कारण आपल्याच बोलण्यातला शेवटचा भाग त्याला ऐकवला नाही.

मालाने सासऱ्यांना विचारले, विंचू काढायचा का. मामांनी बराच वेळ आरीला मेण लावले.

“माज्या बाच्या आदीपासनं घालतोय,” ते म्हणाले. “पर दुकान तुज्या नावावर हाय आन् बोलणं बी तुजंच. आम्ही कोण?”

यात सूट नव्हती आणि टोमणाही नव्हता. मालाला मात्र दोन्ही लागले. त्या दिवशी तिचा हात दोनदा घसरला आणि एक चांगला तळवा वाया गेला. मोजमाप खोटे ठरल्यावर मन मोकळे व्हायला हवे होते. तसे झाले नाही. यंत्र चुकले हे आता तिला माहीत होते, पण चार महिने ते माहीत नसताना तिने जैतूनवर विश्वास ठेवला नव्हता, हेही तेवढेच खरे होते. प्रयोगाने जैतून निर्दोष ठरली होती. माला नव्हती.

शुक्रवारी अकरा वाजता तिने विंचू घातलेली नवी जोडी घातली आणि घरातून निघाली. करकर ऐकून गल्लीतल्या दोघी-तिघी सवयीने दारात आल्या, जैतून पार्सल न्यायला आली असे वाटून. मालाला पाहून परत आत गेल्या.

जैतून ओसरीवरच होती, अनवाणी. मंगळवारी ठेवलेली जोडी होती तिथेच पडून होती, तिच्यावर शेंगांची दोन टरफले. माला पायरीवर बसली. तिने काहीच सांगितले नाही, फक्त फोन दोघींच्या मध्ये ठेवला आणि आवाज मोठा केला. जैतूनने एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, दुसरी घेतली.

दाद आला. त्याने नमस्कार केला, गैरसोय समजून घेतली. मुदत संपायला अठ्ठेचाळीस मिनिटे आहेत, तो म्हणाला, आणि हा प्रतिसाद ध्वनिमुद्रित होऊन अंतिम समजला जाईल. चौदा दावे एकत्र निकाली काढायचे आहेत का? माला हो म्हणाली.

“शेवटचा वाहक, जैतून मुजावर. जुळणी ९८ टक्के. आपणांस मान्य आहे का? मान्य, अमान्य किंवा नंतर, असे उत्तर द्या.”

जैतूनचा हात शेंगेवर थांबला. तिने मान वर केली नाही.

माला म्हणाली, “अमान्य.”

“धन्यवाद. अमान्यतेचे कारण पुढीलपैकी निवडा. एक, लेबल फाटले होते. दोन...”

मालाला ती यादी पाठ होती. या वेळी तिने मध्ये न बोलता सहाही कारणे पूर्ण होऊ दिली, तेव्हा सर्वांत शेवटी दाद म्हणाला की यांपैकी कोणतेही नसल्यास आपले निवेदन आपल्या शब्दांत नोंदवा, आणि बीप वाजला. मालाने एक पाय उचलून पायरीवर टेकवला, चप्पल एकदा वाजली, आणि ती फोनकडे नव्हे, जैतूनकडे बघून बोलली.

“लिहून घ्या. ती चाल जैतून मुजावरची नाही, कुणाचीच नाही. तो आवाज माझ्या हातच्या चपलेचा आहे आणि मी तो आधी सांगितला नव्हता. चौदाच्या चौदा दावे मी मागे घेते. हे मी आज नाही, पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं, ही बाई माझं पार्सल नेणार नाही.”